वेगाची मालकी आणि घाटाचा रस्ता : सह्याद्री ते बालाघाट

मोटारीचा इतिहास बहुधा तिच्या मालकांच्या नावांनी लिहिला जातो. कोणत्या संस्थानिकाने कोणत्या वर्षी कोणती गाडी मागविली, तिचा रंग कोणता होता आणि तिचे इंजिन किती अश्वशक्तीचे होते, या माहितीने अशा लेखनाची पाने भरलेली असतात. ही माहिती मनोरंजक असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने ती अपुरी आहे. मोटार ही रस्त्यावाचून निश्चल वस्तू आहे. डोंगरातील चढउताराच्या संदर्भात तर रस्ता हाच मोटारीच्या सामर्थ्याचा अर्धा भाग ठरतो. नांदेड आणि लातूर यांच्या परिसराचे उदाहरण घेतले म्हणजे ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. या प्रदेशाचा राज्यकर्ता एके काळी जगातील अत्यंत श्रीमंत पुरुषांत गणला जात होता, त्याच्या पदरी उत्तमोत्तम मोटारी होत्या आणि प्रदेशात डोंगराचीही उणीव नव्हती. असे असता घाटातील वेगवान मोटारीचा इतिहास येथे न घडता सह्याद्रीत घडला. याची कारणे कोणती, आणि त्यांवरून वेगाच्या मालकीसंबंधी कोणता निष्कर्ष निघतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम भूगोल लक्षात घेणे इष्ट होईल. नांदेड हे गोदावरीच्या काठी वसलेले नगर आहे, तर लातूर बालाघाटाच्या पठारावर आहे. लोहा, अहमदपूर आणि चाकूर या गावांवरून जाणारा सुमारे १४० किलोमीटरांचा रस्ता या दोन नगरांना जोडतो. गोदावरीचे खोरे सोडून तो टप्प्याटप्प्याने पठारावर चढतो. ज्या काळ्या पाषाणाच्या थरांनी सह्याद्री घडला, त्याच थरांनी बालाघाटही घडला आहे. तथापि सह्याद्रीचा कडा कोकणातून एकदम उभा राहतो, तर बालाघाटाच्या पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत. येथे प्रवाशाला अडविणारी खरी गोष्ट म्हणजे माती होय. पावसाळ्यात काळी माती चिखल होऊन चाकाला धरून बसते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. सह्याद्रीत उंची जिंकावी लागते. मराठवाड्यात मात्र पायाखालची जमीनच आधी बांधून काढावी लागते. दोन्ही प्रदेशांतील मोटारीच्या इतिहासाचा फरक पुष्कळ अंशी या एका भेदातून निर्माण झाला आहे.

ही अडचण प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर या दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांतून, आणि जेथे धड रस्ता नाही अशा विस्तीर्ण प्रदेशांतून, भडोचच्या बंदरापर्यंत नेला जात असे, असे त्या ग्रंथकाराने नोंदविले आहे. तगर म्हणजे आजचे तेर. ते लातूरपासून दूर नाही. समृद्ध बाजारपेठ आहे, तिचा माल समुद्रापार जातो, परंतु तिला जोडणारा बांधलेला रस्ता नाही, अशी ही स्थिती होय. पुढे मध्ययुगात आणि त्यानंतरही या भागातील वाहतुकीचा मोठा भार बंजाऱ्यांच्या लमाणी बैलांनी वाहिला. पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाला सडक लागत नाही, पायवाट पुरते. त्यामुळे व्यापार चालू राहिला आणि रस्त्याची निकड शतकानुशतके लांबणीवर पडली.

सह्याद्रीत परिस्थिती निराळी होती. मुंबईचे बंदर आणि पुण्याची छावणी यांच्यामध्ये बोरघाट उभा होता. पेशवाईच्या अस्तानंतर हा प्रदेश इंग्रजांच्या हाती आला. तोफा, रसद आणि कापूस यांची ने-आण सुलभ व्हावी म्हणून बोरघाटातून गाडीरस्ता बांधण्यात आला आणि १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तो खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वेही वर चढली. मोटार मुंबईच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा तिच्यासाठी घाटाचा पक्का रस्ता कित्येक दशके आधीच तयार होता. मोटारीच्या मालकांनी तो बांधला नव्हता. साम्राज्याच्या लष्करी आणि व्यापारी गरजेने तो बांधविला होता.

या तयार रस्त्यांवरच १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारींच्या टिकाऊपणाची प्रसिद्ध कसोटी घेण्यात आली. अंतर सुमारे ६२० मैलांचे होते आणि वाटेत सहा घाट पार करावयाचे होते. रोल्स-रॉइस कंपनीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ओळखली गेलेली ४०/५० अश्वशक्तीची गाडी तीत उतरली आणि यशस्वी झाली. ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या प्रकारातील ही गाडी होती. सहा सिलिंडरांचे आणि सात लिटरांहून किंचित मोठे असे तिचे इंजिन होते. कसोटीनंतर ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. मराठी राजघराण्याच्या मालकीची वेगवान मोटार आणि मराठी मुलखातील घाट यांचा असा ठळक संबंध या घटनेने प्रथम जुळून आला.

त्या काळी घाटात मोटार चालविणे म्हणजे काय होते, हे समजल्याखेरीज या कसोटीचे महत्त्व ध्यानात येणार नाही. चढावर इंजिनाला दीर्घ काळ पूर्ण भार सोसावा लागे. रेडिएटरमधील पाणी उकळू लागे आणि वाटेतील झऱ्यांवर थांबून ते पुन्हा भरावे लागे. गियर योग्य क्षणी न बदलल्यास इंजिन गुदमरून गाडी वळणावरच बंद पडे, आणि बैलगाडीवान करतो त्याप्रमाणे चाकाखाली दगड लावून ती थोपवून धरावी लागे. उतार तर त्याहून कठीण होता. सिल्व्हर घोस्टसारख्या श्रेष्ठ गाडीलाही १९२०च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत ब्रेक केवळ मागच्या दोन चाकांना होते. सतत दाबून धरलेला ब्रेक तापून निकामी होई. म्हणून खालच्या गियरमध्ये गाडी ठेवून इंजिनाच्याच रोधाने तिचा वेग आवरावयाचा, हे घाटातील चालकाचे मुख्य कौशल्य होते. आज घाटातून बस उतरविणारा चालक तेच तत्त्व पाळतो.

युरोपातही हाच धडा पर्वतांनी शिकविला. १९०८ ते १९११ या काळात जर्मनीत प्रिन्स हेन्री यांच्या नावाने लांब पल्ल्याच्या मोटारस्पर्धा झाल्या. त्यांतील १९१०च्या स्पर्धेसाठी तयार झालेल्या व्हॉक्सहॉल गाडीला अनेक अभ्यासक पहिली स्पोर्ट्स कार मानतात. १९१२ मध्ये ऑस्ट्रियातील आल्प्सच्या कसोटीत जेम्स रॅडली यांची रोल्स-रॉइस कात्शबर्गच्या खिंडीत अडली, कारण तीन गियरांच्या त्या गाडीचा पहिला गियर त्या चढास पुरेसा खालचा नव्हता. कंपनीने चार गियरांची नवी रचना केली आणि १९१३ मध्ये तिच्या गाड्यांनी त्याच कसोटीत मोठे यश मिळविले. तात्पर्य, स्पोर्ट्स कार हा प्रकार केवळ शर्यतीच्या वर्तुळाकार मार्गावर जन्मलेला नाही. सार्वजनिक रस्त्यांवरील, विशेषतः डोंगरी रस्त्यांवरील, कसोट्यांनी त्याला आकार दिला. या दृष्टीने १९०८ची मुंबई-कोल्हापूर कसोटी जागतिक प्रवाहाच्या मागे पडलेली नव्हती, ती त्याच्या बरोबरीने चाललेली होती.

यानंतरच्या तीस वर्षांत मराठी संस्थानिकांनी वेगवान मोटारींचा संग्रह हौसेने केला. त्यांत इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर अग्रगण्य होते. १९३०च्या दशकात त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या ‘एस.जे.’ या सुपरचार्जर असलेल्या गाडीवर इंग्लंडमधील गर्नी नटिंग या कारखान्याकडून सांगाडा चढवून घेतला. या प्रकारच्या इंजिनाची शक्ती निर्मात्यांनी ३२० अश्वशक्ती सांगितली होती. त्या काळी हा आकडा अपूर्व होता. संस्थानिकांच्या या हौसेचा अर्थ केवळ चैन या शब्दाने लागत नाही. ज्यांच्याकडून सैन्य, परराष्ट्रसंबंध आणि युद्धाचा अधिकार काढून घेण्यात आला होता, त्यांना वैभव आणि पराक्रम प्रकट करण्याची जी थोडी साधने उरली, त्यांत वेगवान मोटार हे एक होते. घोड्याची जागा तिने घेतली. परंतु घोड्याप्रमाणे वाटेल त्या मुलखातून दौड करण्याचे स्वातंत्र्य तिच्या मालकास तिने दिले नाही. जेथे रस्ता संपला, तेथे त्याचा वेगही संपला.

हैदराबादचे उदाहरण या विधानाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १९११ मध्ये सिल्व्हर घोस्टची मागणी नोंदविली; त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि बार्कर या प्रसिद्ध कारखान्याने सांगाडा बांधलेली ती पिवळी गाडी त्यांचे उत्तराधिकारी मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. तिच्यात सिंहासनासारखे उंच आसन होते आणि दरबारी मिरवणुकीसाठीच ती योजलेली होती. पहिल्या सुमारे पस्तीस वर्षांत ही गाडी चारशे मैलांपेक्षाही कमी चालली, असे सांगितले जाते. हैदराबादहून नांदेडला एकदा जाऊन परत येण्याला साधारणतः तेवढेच अंतर पडते. ज्या जातीच्या गाडीने १९०८ मध्ये काही दिवसांत सहा घाटांसह ६२० मैल तोडले, त्याच जातीची गाडी येथे राज्याच्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन येण्याइतकी चाल एका पिढीत चालली. यंत्र तेच होते. त्याच्या भोवतीचे राज्य आणि रस्ता वेगळा होता.

मराठवाड्यातील दळणवळणाचा भर या काळी रेल्वेवर होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग पूर्ण होऊन नांदेड त्यावर आले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी अरुंद मार्ग पोहोचला आणि तेथील बाजारपेठेची भरभराट झाली. परंतु एक मार्ग उत्तरेकडील मनमाडकडे आणि दुसरा पश्चिमेकडील कुर्डुवाडीकडे तोंड करून होता. नांदेड आणि लातूर यांना थेट जोडणारा लोहमार्ग झाला नाही. आजही आगगाडी परभणी-परळीचा वळसा घेऊनच जाते. साहजिकच बालाघाटावरून जाणाऱ्या रस्त्याचे महत्त्व येथे सह्याद्रीपेक्षा कमी नव्हते. असे असूनही तामीरात खात्याच्या कामाचे केंद्र राजधानी हेच राहिले आणि मराठवाड्याचा पुष्कळसा भाग कच्च्या रस्त्यांवर अवलंबून राहिला.

या प्रदेशातील सामान्य माणसाला मोटार प्रथम दिसली, ती खासगी वाहन म्हणून नव्हे, तर सार्वजनिक बस म्हणून. निजाम सरकारने १९३० मध्ये रेल्वे कंपनीकडून राज्यातील रेल्वे ताब्यात घेतली आणि १९३२ मध्ये रेल्वेच्याच अंगभूत असे रस्ते वाहतूक खाते सुरू केले. आरंभी त्यात २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी होते. प्रवासी वाहतूक सरकारने स्वतःकडे घेण्याचा हा भारतातील अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी एक होय. मुंबई राज्यात पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनंतर. संपत्ती आणि सत्ता एकवटलेल्या एका सरंजामी राज्यात वेगाची व्यक्तिगत मालकी दरबारापुरती मर्यादित राहिली, आणि त्याच राज्यात वेगाची सार्वजनिक मालकी मात्र इतर प्रांतांच्या आधी प्रस्थापित झाली, हा विरोधाभास अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

रस्ता आणि सत्ता यांचा संबंध सप्टेंबर १९४८ मध्ये आणखी एका रीतीने प्रत्ययास आला. भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून हैदराबादच्या पक्क्या रस्त्याने निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल तिने शाबूत हस्तगत केला आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत राज्य कोसळले, याला अनेक राजकीय कारणे आहेत. परंतु चिलखती गाड्यांना धावण्यायोग्य सडक आणि न तुटलेला पूल मिळाला, हेही त्यांतील एक आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले आणि वेगवान मोटारींची राजेशाही मालकी इतिहासजमा झाली.

तनखे रद्द झाल्यानंतरच्या वर्षीच महाराष्ट्रावर १९७२चा दुष्काळ कोसळला. मराठवाड्याला त्याची झळ विशेष तीव्रतेने लागली. शासनाने काढलेल्या दुष्काळी कामांवर १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख मजूर येत होते. पाझर तलाव, बंधारे आणि रस्ते ही त्या कामांची प्रमुख रूपे होती. मोठे दगड फोडून त्यांची खडी करणे, ती डोक्यावरून वाहून पसरणे, मुरूम टाकून दाबणे ही कामे स्त्री-पुरुषांनी उन्हात बसून केली. त्यांत लहान शेतकरी होते, भूमिहीन मजूर होते आणि एरवी कामावर न जाणाऱ्या घरांतील माणसेही होती. याच अनुभवातून रोजगार हमी योजना दृढ झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काळ्या मातीवर दगडाचा पाया घालण्याचे जे काम शतकानुशतके राहून गेले होते, त्याचा मोठा हिस्सा अशा रीतीने भुकेच्या पोटी पुरा झाला. मराठवाड्यातील ग्रामीण रस्त्यांच्या इतिहासात हे वर्ष बोरघाटाच्या १८३० इतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. फरक एवढाच की, बोरघाटाच्या रस्त्याशी एका गव्हर्नराचे नाव जोडले गेले. येथे बांधणाऱ्यांची नावे केवळ हजेरीपटावर राहिली.

१९९१ नंतर आयातीची आणि परदेशी भांडवलाची दारे उघडली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि जुन्या बोरघाटाशेजारून बोगद्यांतून वेगवान गाड्या धावू लागल्या. मराठवाड्यातही चित्र पालटले. औरंगाबादजवळच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या) शेंद्रा वसाहतीत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ऑडीसारख्या भारी गाड्यांची जुळणी होऊ लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच शहरातील व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्यांची सामुदायिक खरेदी केली आणि तिची वार्ता देशभर पसरली. आपला प्रदेश मागासलेला नाही, हे जगाला दाखवावे, असा हेतू या खरेदीमागे उघडपणे सांगितला गेला. संस्थानिकांच्या खरेदीमागील प्रेरणेशी या हेतूचे नाते स्पष्ट आहे. दोन्ही ठिकाणी मोटार हे वाहन कमी आणि विधान अधिक आहे. दरम्यान तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या क्रमाने वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ रुंद झाला, आणि बालाघाटाची चढण आता मोटारीच्या वेगाला अडथळा करीत नाही.

येथे एका संभाव्य आक्षेपाचा विचार केला पाहिजे. वेगवान मोटारींचे हौशी मालक नसते, तर यंत्रविद्येची प्रगती झालीच नसती, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. पर्वतांतील कसोट्यांनी सुधारलेले गियर, चारही चाकांवरील ब्रेक आणि अधिक कार्यक्षम शीतनव्यवस्था यांचा लाभ कालांतराने घाटातून जाणाऱ्या प्रत्येक बसच्या प्रवाशाला मिळाला. संपन्नांनी पत्करलेल्या साहसाचे हे सामाजिक फळ नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा युक्तिवाद एकाच बाजूचे ऋण मोजतो. मोटारीने समाजाला काय दिले हे तो सांगतो. समाजाने मोटारीला काय दिले, ते सांगत नाही. गाडीची किंमत तिच्या मालकाने चुकती केलेली असते. तिच्या वेगाची किंमत मात्र रस्त्यासाठी जमीन देणारा, खडी फोडणारा आणि त्याच रस्त्याने बैलगाडी हाकणारा किंवा पायी जाणारा, हे सर्व मिळून भरतात. घाटातील वळणावर तर हा हिशेब जीविताचा होतो, कारण तेथे एकाच्या वेगाचे परिणाम समोरून येणाऱ्यालाही भोगावे लागतात.

हा प्रश्न गतकाळापुरता नाही. नागपूरहून गोव्याकडे नियोजित झालेल्या शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आखणीत नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे होते. २०२४ मध्ये त्यासाठी होणाऱ्या भूसंपादनाला अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि त्यात कोल्हापूरचे शेतकरी आघाडीवर होते. ज्या कोल्हापूरच्या वाटेवर १९०८ मध्ये मोटारीच्या सामर्थ्याची परीक्षा झाली, तेथेच रस्ता कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवरून, असा प्रश्न शंभरांहून अधिक वर्षांनी विचारला गेला. त्याचे उत्तर धोरणकर्त्यांनी द्यावयाचे आहे. परंतु तो प्रश्न नवा नाही, हे दाखवून देणे इतिहासाचे काम आहे.

सारांश, वेगवान मोटार विकत घेता येते, वेग विकत घेता येत नाही. तो रस्त्याबरोबर येतो आणि रस्ता हा अनेकांच्या श्रमाचा व त्यागाचा संचय असतो. सह्याद्रीत हा संचय साम्राज्याच्या गरजेने लवकर झाला, म्हणून तेथे मोटारीच्या कसोट्या झाल्या. बालाघाटात तो उशिरा आणि दुष्काळाच्या मार्गाने झाला, म्हणून तेथील मोटारीचा इतिहास प्रथम बसचा, नंतर मजुरांचा आणि शेवटी मालकांचा झाला. मराठवाड्यातील वाहतुकीचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने संस्थानी मोटारखान्यांच्या याद्या अवश्य पाहाव्यात. परंतु तामीरात खात्याची दप्तरे, बस आगारांच्या नोंदवह्या, दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि त्या कामांवर राबलेल्या, आज वृद्ध झालेल्या स्त्री-पुरुषांच्या आठवणी यांना त्या याद्यांच्या आधी स्थान दिले पाहिजे. यांपैकी शेवटचे साधन कोणत्याही दप्तरखान्यात जपून ठेवता येणारे नाही, आणि ते दरवर्षी क्षीण होत आहे.